दाराबाहेर बसून न ऐकलेली गाणी

चार मोठ्या, कमावत्या, केस पिकायला लागलेल्या माणसांना मी एकदा मुद्दाम एका खोलीत कोंडलं होतं. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मूर्खपणा तो नव्हे. मूर्खपणा हा, की कोंडताना मी स्वतः आतच उभी होते.

तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते, म्हणजे आजच्या मानाने तरुणच. गुडघे बरे होते, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, सगळं लख्ख दिसायचं, त्यामुळे अक्कलही लख्ख झाली आहे असा त्या बाईचा समज होता. आता ती समोर आली तर मी तिला आधी खुर्चीत बसवीन आणि म्हणेन, बाई गं, जरा कमी उद्योग कर.

खोली आमच्याच घरातली, मुलुंड पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. मूळची मुलीच्या अभ्यासाची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तिने बँड काढला आणि अभ्यास त्या खोलीतून जो बाहेर गेला तो परत आला नाही. बँडमध्ये चौघं. माझी मुलगी गायची. समोरच्या विंगमधला मुलगा गिटार वाजवायचा; तो लहानपणापासून आमच्याच ताटात जेवून वाढलेला, मला काकू म्हणणारा. ड्रम वाजवणारा चेंबूरहून यायचा. आता ट्रॉम्बेला सरकारी नोकरीत आहे आणि बोलताना इतका विचार करतो की मधे आपला चहा पिऊन होतो. चौथा गोराईचा. जाड तारांची मोठी गिटार वाजवायचा, मला आंटी म्हणायचा आणि येताना आईने दिलेलं सुकट आणायचा. जिन्यात सुकटाचा वास आला की आज प्रॅक्टिस आहे हे साऱ्या बिल्डिंगला कळायचं.

हे कसलं संगीत म्हणून मी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, ऑल्टरनेटिव्ह रॉक. म्हणजे कशाच्या ऐवजी, मी विचारलं. ती म्हणाली, तू ऐकतेस त्या सगळ्याच्या ऐवजी. मी गप्प बसले, कारण खरं तर मी काहीच ऐकत नसे. रेडिओ लावून दुपारी झोपत असे.

आवाजाची मला सवय होती. माझे वडील गिरणीत होते, मूळ मालवणकडचे. चाळीत शेजारच्या खोलीत शनिवारी भजन असायचं, आणि पखवाज-झांजांच्या त्या दणक्यात मी मॅट्रिकचा अभ्यास केलाय. पण समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना ती सवय नव्हती. त्या रोज संध्याकाळी दार वाजवायच्या, आणि एकदा तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभ्या राहून म्हणाल्या की त्यांच्या काचेच्या बरण्या फळीवर आपोआप पुढे सरकतात.

मग ह्यांनी मनावर घेतलं. हे वायरिंगच्या कामात आयुष्य घालवलेले, हातात पक्कड असली की आनंदात. जुन्या कापसाच्या गाद्या भिंतींना ठोकल्या, त्यावर अंड्यांचे ट्रे चिकटवले, खिडकी प्लायने बंद केली. दार तर असं बनवलं की बँकेने विकत घ्यावं: दोन प्लाय, मधे रेती, आणि वर आपोआप लोटणारा स्प्रिंगचा दांडा. आतली मूठ गाणं रेकॉर्ड करताना खडखडायची, म्हणून ती काढूनच टाकली आणि त्या जागी गालिच्याचा तुकडा ठोकला. थोडक्यात, ते दार बाहेरूनच उघडायचं.

एरवीच्या प्रॅक्टिसला पोरं दाराच्या फटीत ड्रमची एक मोडकी काठी अडकवून ठेवायची. पण रेकॉर्डिंगला दार पूर्ण बंद हवं. त्यासाठी ह्यांनी आत एक बटण बसवलं आणि बाहेर दाराच्या डोक्यावर लाल झिरोचा बल्ब. आत गाणं झालं की बटण दाबायचं, बाहेर बल्ब लागायचा, आणि बाहेर जो बसलेला असेल त्याने दार उघडायचं. बाहेर कोण बसणार हे कोणी मला विचारलं नाही. पाट तिथेच ठेवला होता, माझाच.

त्या बँडची सगळी गाणी त्या खोलीत झाली आणि प्रत्येक गाण्याला मी दाराबाहेर होते. गवार निवडली, मटार सोलले, नारळ खवले, अधूनमधून वर बल्बकडे बघत. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, मुलगी गाते म्हणे, कशी गाते हो. मी मान डोलवून सांगायची, छान गाते, पण आपल्याला ते कळत नाही. खरी गोष्ट ही की प्रॅक्टिसची तुटक धडधड सोडली तर मी ते कधी ऐकलंच नव्हतं. दार उघडलं की आत नुकतं संपलेलं असायचं. लोकांना कॅसेट वाटताना मला वाटायचं, आपल्या घरातलंच आहे, केव्हाही ऐकू. घरातल्या गोष्टी अशाच राहून जातात. मी त्या दाराबाहेर एवढ्या ऐटीत बसायची, जशी काही आत माझ्यामुळेच गाणं होतंय.

मग एके संध्याकाळी अंधेरीला एका कॉलेजात कार्यक्रम होता आणि माझ्या मुलीचा आवाज लागला नाही. तापाने नाही, सर्दीने नाही, नुसताच लागला नाही. गाणं सुरू झालं, वाजवणारे वाजवत राहिले, आणि ती माईकसमोर नुसती उभी. शेवटी गिटारवाल्याने आपला माईक ओढला आणि तिचं गाणं स्वतः गायला. समोर पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती घरी आली, पाय धुतले, वरण-भात जेवली आणि त्यानंतर गायली नाही. तो दुसऱ्या दिवशी आला तर झोपलीय म्हणून मला सांगायला लावलं. मी सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही सांगितलं. मग तो यायचा बंद झाला. भांडणसुद्धा झालं नाही दोघांचं, झालं असतं तर बरं झालं असतं. बँड मोडला. तिने नोकरी धरली, लग्न केलं, ठाण्याला राहायला गेली. मधल्या वर्षांत हे गेले. खोलीत ट्रंका, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि जादा गाद्या जाऊन बसल्या.

तिचं गाणं गेलं म्हणजे किती गेलं हे मला नात झाल्यावर कळलं. लेकीला झोपवताना ती मोबाईलवर अंगाई लावायची. वाढदिवसाला केकसमोर सगळे गायचे तेव्हा टाळ्या वाजवत नुसते ओठ हलवायची. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. मी आई आहे, शिवाय चोंबडी आहे.

आणि एक दिवस फोन आला की एक कंपनी त्या बँडच्या निवडक गाण्यांचा अल्बम काढतेय. ग्रेटेस्ट हिट्स. मी म्हटलं, ही हिट कधी झाली? तर म्हणे आताच्या कॉलेजच्या पोरांनी जुनी गाणी कुठून तरी शोधून काढली होती आणि फोनवर ऐकत होती. कंपनीने गाणी साफसूफ करून नमुन्याची सीडी चौघांना पाठवली. अट एवढीच, की चौघांचाही होकार हवा. तिघांनी दिला. माझ्या मुलीने सीडीचं पाकीटही फोडलं नाही. मला म्हणाली, नको आई, संपलंय ते.

ड्रमवाला मला फोन करून हळू आवाजात सांगत होता की सोमवारपर्यंत हो म्हणाली नाही तर कंपनी नाद सोडणार. मला कंपनीचं काही पडलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की ही आता नाही म्हणाली तर पुन्हा कधी गाणार नाही. ते ओठ हलवणंच राहणार तिच्या नशिबी, पन्नाशीत, साठीत, माझ्या वयात. म्हणून त्या तरुण अडुसष्ट वर्षांच्या बाईने बेत केला.

बेत असा. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार होतीच. मी चौघांना सांगितलं की रविवारी येऊन आपापलं सामान घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देईन. वेगवेगळं सांगितलं, म्हणजे प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच येतोय. आले की चौघांना खोलीत पाठवायचं, फोन जुन्या पद्धतीप्रमाणे बाहेर परातीत ठेवायला लावायचे (फोन जवळ असला की त्यांच्या मशिनी गुरगुरायच्या, तेव्हाचा नियम), मग काठी काढून घ्यायची आणि बाहेर पाटावर बसायचं. बोलून मोकळे झाले की बटण दाबतील, बल्ब लागेल, मी उघडीन. बेतात चूक काढून दाखवा.

आले. मुलीने गिटारवाल्याला दारात बघितलं आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. पण चपला काढल्या होत्या, आणि चपला काढल्यावर लगेच निघून जाणं तिला जमत नाही, तेवढं मी शिकवलंय. चौघं आत गेली. फोन परातीत पडले. काठी फटीत होती. गॅसवर दूध मंद ठेवलं, पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये घेतल्या आणि म्हटलं, आधी खायला देऊ, उपाशीपोटी माणसं नीट बोलत नाहीत. ट्रे घेऊन दारातून आत शिरले, आणि परत येताना काठी काढायची राहून जाईल म्हणून, हुशारीने, आत जातानाच ती पायाने उडवली.

ह्यांचा स्प्रिंगचा दांडा इतक्या वर्षांनी तसाच होता. दार मागे अगदी हळू, जावयासारखं अदबीने, लागलं.

क्षणभर कोणालाच कळलं नाही. गिटारवाल्याचा हात सवयीने बटणाकडे गेला. त्याने बटण दाबलं. चौघंही दाराकडे तोंड करून शांत उभी राहिली, पूर्वी राहायची तशी, आता दार उघडेल म्हणून. मग एकेक करून चारही तोंडं माझ्याकडे वळली. मी ट्रे धरून उभी होते. म्हटलं, पोहे घ्या.

पुढचा वेळ दाराशी झटापटीत गेला. ड्रमवाल्याने गालिचा उचकटून चमच्याच्या दांड्याने प्रयत्न केला, पण ह्यांनी मुठीचा गजही आतून प्लायच्या पातळीत कापून टाकला होता. गोराईवाल्याने खांदा मारून पाहिला. रेती भरलेल्या दाराने त्याला नुसतं परत पाठवलं. मी ओरडले. माझ्या आईकडून आलेल्या मालवणी हाका आहेत, खाडीच्या पलीकडे पोचणाऱ्या, त्यातली एक मारली. आवाज तोंडासमोरच गादीत शिरला आणि मेला. ह्यांचं काम किती चांगलं होतं हे मी त्यांना जिवंतपणी कधी सांगितलं नाही.

खोलीत आता हवाही नव्हती म्हणा. एसी केव्हाच काढून विकलेला. एक टेबलफॅन होता, तो तीच हवा इकडून तिकडे करत होता. कापूस, डांबरगोळ्या, कांदेपोहे आणि पाच माणसं. भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या. मला घाम फुटला, त्यात बाथरूमला जायची आठवण झाली, आणि त्याच्यामागोमाग दुधाची. मंद होतं, पण मंद म्हणजे किती वेळ मंद? मी दुधाचं सांगितलं तेव्हा मुलगी पहिल्यांदा मला उद्देशून बोलली. म्हणाली, आई, तू हे मुद्दाम केलंस ना. मी म्हटलं, दाराचं का दुधाचं? तिने डोळे मिटून घेतले.

मग सगळे बसले. ड्रमच्या मांडणीभोवती, ट्रंकांवर, गाद्यांच्या चळतीवर. आणि कोणी बोलेना. मला वाटलं होतं दार लागलं की आपोआप बोलतील. पण मधे मी होते ना. काकू बसलेली असताना कोण कोणाला काय बोलणार? गिटारवाल्याने दोनदा तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. मुलगी नखं बघत होती. ज्यांना बोलतं करायला एवढा घाट घातला, त्यांच्या बोलण्याच्या आड खोलीत एकच वस्तू होती आणि ती पोहे वाढत होती. मी म्हटलं, मी कानावर हात ठेवते, तुम्ही बोला. गोराईवाला म्हणाला, आंटी, तुमच्या हातांवर आमचा भरोसा नाय.

तोडगा ड्रमवाल्याने काढला, बराच विचार करून. सामानात जुना सीडी प्लेअर होता आणि ते मोठे, कानांवर उशीसारखे बसणारे हेडफोन. नमुन्याची सीडी त्याच्या पिशवीत होतीच. मला ड्रमच्या गोल स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवलं, हेडफोन चढवले, आवाज मोठा केला. मुलगी हातवाऱ्याने म्हणाली, मागे वळायचं नाही. शाळेत कोपऱ्यात उभं करतात तसं मला अडुसष्टाव्या वर्षी बसवलं आणि ग्रेटेस्ट हिट्स सुरू झाले.

नाकासमोर अंड्यांचे ट्रे, कानात पहिल्यांदाच अख्खी ती गाणी, आणि पाठीमागे ते बोलणं, ज्याच्यासाठी मी जीव दिला असता. माझ्या आयुष्यात मी इतकी अडकलेली कधी नव्हते. बाळंतपणातसुद्धा निदान काय चाललंय ते कळत होतं.

पहिलं गाणं एका मुलीचं होतं, जी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसते आणि खाली उतरत नाही. एवढंच. मी म्हटलं, उतर की गं मेले. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत मीही तिथे वर बसले होते. दुसरं नुसतं धडधड, मला आवडलं नाही, आजही आवडत नाही. एक देवनारच्या धुराचं होतं. कचऱ्याच्या डोंगरावरचा धूर आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी, आणि ते चक्क प्रेमाचं गाणं. ते मी पुन्हा लावलं असतं, पण बटण कुठलं ते कळेना. मधल्या एका गाण्याला मी बाहेर काय निवडत बसले होते तेही आठवलं, करडईची भाजी, कारण त्या दिवशी बल्ब फार वेळ लागला नव्हता आणि भाजी संपून मी देठही बारीक चिरून टाकले होते. त्या वेळात हे आत चाललं होतं तर. एकच ओळ ती परत परत म्हणत होती, दर वेळी थोडी वेगळी, जशी काही चुकीच्या किल्ल्या लावून बघतेय.

प्रत्येक ओळीआधी तिचा श्वास ऐकू यायचा. तो मला ओळखीचा होता. लहानपणी दादरच्या तरणतलावात उडी मारायच्या आधी ती असाच घ्यायची, आणि मग काठावरच उभी राहायची.

एकाही गाण्यात आई नव्हती. मी शेवटपर्यंत वाट बघितली.

ड्रमच्या पितळी थाळीत मागचं थोडं दिसायचं, लांबट, पिवळं, हलणारं. गिटारवाला उभा राहिला. माझी मुलगी उभी राहिली. मग दोघं बसली. कोणाचा तरी हात डोळ्यांकडे गेला, कोणाचा ते कळलं नाही. मी थाळी जरा सरळ करायला हात पुढे केला तर मागून पाठीत बोट टोचलं. गोराईवाल्याचंच असणार.

शेवटचं गाणं तेच होतं, अंधेरीचं. जे तिच्याऐवजी तो गायला होता. रेकॉर्डवर मात्र तिचाच आवाज. ते संपलं. सीडी फिरायची थांबली.

आता मी लिहिते आहे म्हणून खरं लिहिते. सभ्य बाईने हेडफोन काढून सांगितलं असतं, झालं गं. मी मान हलवत राहिले. मधेच गुडघ्यावर बोटंसुद्धा वाजवली. हेडफोन जाड होते, पण एवढ्याशा खोलीत, कानात गाणं नसताना, मागचं बोलणं नीट ऐकू येत होतं.

तो म्हणत होता, "मी तुझी जागा घेतली नव्हती गं. समोर माणसं होती. कोणीतरी गायला हवं होतं."

"माहितीये मला." ती. "पण टाळ्या वाजल्या ना रे. म्हटलं, ठीके, चालतंय की माझ्याशिवाय."

"काय चाललं? त्यानंतर एक कार्यक्रम धड नाही केला आम्ही."

"केला एक," गोराईवाला म्हणाला. "बोरिवलीला. आपण वाजवत होतो आणि पब्लिक मधेच जेवायला बसलं."

कोणीतरी हसलं. मी मान हलवतेय.

"राग नव्हताच रे," माझी मुलगी म्हणाली. "भीती वाटते. पुन्हा तोंड उघडलं आणि नाही आलं तर? आहे की नाही तेच माहीत नाही मला. इतकी वर्षं बघितलंच नाही."

"मग बघ ना."

"इथे? आई आहे."

"काकूंना काय ऐकू येतंय. बघ कशा डोलतायत."

टेबलफॅन इकडे, टेबलफॅन तिकडे. मग मला तो श्वास ऐकू आला. सीडीतला नव्हे. माझ्या मागचा.

तिने टाकीवरच्या मुलीचं गाणं धरलं, एकदम हळू. आवाज खरखरीत होता. वर जायच्या जागी फाटला आणि थांबला. मला वाटलं, संपलं. माझी पाठ ताठ झाली, वळावंसं वाटत होतं इतकं, की मी स्टुलाखाली पायाला पाय घट्ट अडकवून धरले. मग तिने पुन्हा घेतलं, खालून. या वेळी तिने वर जायचा हट्ट केला नाही, खालीच ठेवलं, आणि ते गाणं निराळंच झालं. बिनगिटारीचं, बिनड्रमचं. कानात माझ्या म्हणे दुसरंच काही वाजतंय, त्यामुळे मला त्या दुसऱ्याच कशाच्या तालावर मान हलवणं भाग होतं, आणि डोळ्यांतून पाणी येतंय ते पुसणंही शक्य नव्हतं, कारण गाणी तशी रडण्यासारखी नव्हती. धडधडीच्या गाण्याला कोण रडतं? मी अंड्यांचे ट्रे बघत राहिले. आयुष्यभर दाराबाहेर बसले, आणि आत आले तर तोंड भिंतीकडे.

दार उघडलं तेव्हा ती दुसऱ्या कडव्यात होती. समोरच्या बाई उभ्या होत्या, नाकाला पदर. आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. आमचं भांडण वर्षानुवर्षांचं, पण मुंबईत भांडण वेगळं आणि किल्ली वेगळी. करपल्याचा वास आला म्हणून त्या धावत आल्या, गॅस बंद केला, आणि मग चार जोड परक्या चपला, परातीत वाजणारे फोन आणि दारावरचा लाल बल्ब बघून त्यांना सगळं आठवलं. त्या मला म्हणाल्या की एवढ्या शांततेत काहीतरी वाईट झालंय असं त्यांना वाटलं होतं, आवाज असता तर त्या आल्याच नसत्या. मी त्यांना ओलांडून आधी बाथरूम गाठलं.

मुलीने होकार सोमवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी कळवला, माझ्याच स्वयंपाकघरातून, फोन खांद्याने कानाशी धरून. एका हाताने ती दुधाचं पातेलं घासत होती, बूड असं काळं झालं होतं की तारेची घासणीही हरली होती. मी ओट्याजवळ उभी राहून बाकीच्या बशा पुसत होते आणि चेहरा शक्य तितका निरागस ठेवला होता. अल्बम कसा वाटला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही काही छान आहेत, आणि शेवटचं तर फारच मोठं आहे बाई, संपतच नव्हतं.

तिने पातेलं नळाखाली धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, ते हेडफोन मोठ्याने लावले की बाहेरही ऐकू येतात. गाणी संपली होती हे मला कळलं होतं, मी गायच्या आधीच. मान उगाच हलवलीस, आणि ती पण बेताल."